फोन आला नाही म्हणजे

"फोन आला नाही ना? मग कशाला जीव टांगणीला लावतेस?" वॉर्डातल्या सिस्टर मला म्हणाल्या. आमच्या हॉस्पिटलात सगळे असंच म्हणतात. रक्ताचा निकाल धोक्याचा असेल, तर वॉर्डातला फोन आपोआप वाजतो आणि यंत्राचा आवाज खाटेचा नंबर सांगतो. वाजला नाही, तर काळजी नाही.

तो फोन वाजवणारा प्रोग्राम आमच्याच कॉम्प्युटर विभागाचा. म्हणजे मला तरी धीर यायला हवा होता. छे! खाटेवर माझी आत्या होती. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं, त्यामुळे ती आजारी पडली की मी पुन्हा फ्रॉकमधली पोरगी होते. सकाळपासून तिच्या पायांत बळ नव्हतं, छातीत मधूनच ठोका चुकत होता.

"तुझं तोंड बघून मलाच भीती वाटायला लागलीय," ती म्हणाली. "जा, काम कर जा."

खाली आमच्या विभागात माझा सहकारी खुर्चीत रेलून बसला होता. त्याला आम्ही काटकसरे म्हणतो. ते आडनाव नव्हे, स्वभाव. मशीनला श्रम पडले तर याच्या अंगाला घाम फुटतो! पूर्वी आमचा प्रोग्राम दर मिनिटाला सगळ्या नोंदी चाळायचा आणि कळवायच्या राहिलेल्या शोधायचा. काटकसरेनं गेल्या आठवड्यात ते बदललं. आता प्रोग्राम शेवटच्या पाहिलेल्या नोंदीचा क्रमांक लक्षात ठेवतो आणि फक्त त्याच्या पुढचे बघतो. पुस्तकात खूण घालून पुढे वाचतो, तसं. साहेबांनी त्याची पाठ थोपटली होती.

मला राहवेना. मी लॅबला फोन लावला.

"तुझ्या आत्याचं रक्त? झालं की," तिथली बाई म्हणाली. "आकडा विचित्र आला म्हणून पुन्हा तपासलं, तर पुन्हा तोच. मघाशीच नोंद केली."

"विचित्र म्हणजे?"

"पोटॅशियम फार वाढलंय. वॉर्डात फोन गेला असेलच."

एवढं पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, हे इथल्या नोकरीत मलाही कळलंय.

"अरे, फोन का नाही गेला?" मी काटकसरेवर ओरडले.

"कसा जाणार नाही? नवीन नोंद आली की..."

"नोंदीवरचा क्रमांक कधी मिळतो? रक्ताची नळी लॅबमध्ये पोचली की. आणि नोंद कधी होते?"

"निकाल लागल्या..." तो खुर्चीत ताठ झाला.

आत्याची नळी आधी पोचली होती. तिची तपासणी पुन्हा चालू असताना मागून आलेल्या नळ्यांचे निकाल लागले, आणि खूण पुढे सरकली. आत्याची नोंद आली ती खुणेच्या मागे. मागे वळून बघायला प्रोग्रामला आम्हीच बंदी केली होती.

"म्हणजे पुन्हा तपासायला लागलेल्या सगळ्याच..." तो स्क्रीनकडे वळला.

"आणि पुन्हा कोणत्या तपासतात? ज्यांचा आकडा भयंकर येतो त्याच! खूण काढ. राहिलेलं सगळं शोध."

वॉर्डातला फोन एंगेज लागत होता. मी जिन्याकडे धावले.

"सिस्टर, डॉक्टरांना बोलवा! हिचं पोटॅशियम वाढलंय!"

डॉक्टर पळत आले. आत्याचा हात माझ्या हातात होता, घामानं चिंब. आठवतील त्या सगळ्या देवांना मी हाका मारल्या. डॉक्टरांनी ठोके दाखवणारं मशीन लावलं, इंजेक्शन दिलं. मशीनच्या पडद्यावरची वेडीवाकडी रेघ हळूहळू लयीत आली.

"अजून थोडा उशीर झाला असता, तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले.

मी ढसाढसा रडले.

"मेले नाही अजून," आत्या पुटपुटली. "नाक पूस."

तेवढ्यात सिस्टरांच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी खाटेचा नंबर ऐकला आणि डॉक्टरांना सांगितला. हा आत्याचाच होता. रिसीव्हर ठेवतात न ठेवतात तोच फोन पुन्हा वाजला.

या वेळी त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी भिंतीकडच्या खाटेकडे बघितलं. तिच्यावर कोरी चादर घातलेली होती.

"अहो, तिथल्या बाई परवाच वारल्या," सिस्टर यंत्राला म्हणाल्या.

समोरच्या वॉर्डातही फोन वाजायला लागला होता.