मास्तरांच्या घरचा समुद्र

दुपारच्या सामसुमीत पाण्याच्या गुंडावरची वाटी खणकली.

केसरचा सुपातला हात थांबला. सासू बायनाबाई खळ्यावर गेलेली. लाईट नव्हती, म्हणून समोरच्या खोलीतल्या काचेच्या पेटीत हवा सोडणारी मोटरही बंद होती. एरवी तिची गुणगुण दिवसभर घरात असायची, आणि ती थांबली की दाराआड कोणीतरी श्वास धरून उभं आहे असं केसरला वाटायचं. तशात ती वाटी.

तांब्याचा तो गुंड तिच्या नवऱ्याचा, हरिदासचा होता. त्यातलं पाणी फक्त तोच प्यायचा. बाकी सगळे माठातलं. हरिदासला जाऊन दीड महिना झाला होता, तरी केसर रोज सकाळी गुंड चिंचेनं घासायची, विहिरीचं पाणी भरायची, वर वाटी पालथी घालायची. सासू बघायची. ते बघणंच जास्त लागायचं.

केसर उठून पुढे आली तर मैना स्टुलावर उभी. सहा वर्षांची पोर. हातात बाबाचा पेला, आणि तो पेटीत रिकामा होत होता.

“काय करून राह्यली तू?”

“हाताले तहान लागली,” मैना म्हणाली. “बाबाच्या वाट्याचं पानी हाये. ते आले का मी सांगीन त्याईले.”

केसर रागावली नाही. रागवायला तिला तोंडच नव्हतं. रोज सकाळी गुंडातला पहिला पेला तीही त्याच पेटीत ओतत होती.

हरिदास नागभीडला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या एका शिबिरासाठी तो रामेश्वरकडे गेला होता, आणि येताना बर्फाच्या डब्यात, फुगवलेल्या पिशवीत एक जीव घेऊन आला. पोवळं. अंगठीतलं लाल, कडक पोवळं नव्हे. हे मऊ, मातकट, दगडाला धरून बसलेलं, मिटल्या मुठीएवढं. उजेड पडला की त्या मुठीवर बारीक बारीक फुलं उमलायची, प्रत्येकाला आठ पाकळ्या, आणि सगळी मिळून पाण्यात झुलायची. “झाड नाई हे, जनावर हाये,” असं हरिदास येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. येणारेही पुष्कळ. बाजाराच्या दिवशी खेड्यातली माणसं दारात उभी राहून विचारायची, “मास्तरच्या घरी समुद्र हाये म्हन्ते, खरं का?” एका म्हाताऱ्यानं तर बोट बुडवून चाखलं आणि खारंच हाये बा, म्हणून गावभर साक्ष देत फिरला.

मैना त्या जीवाला ‘हात’ म्हणायची.

दिवाळीच्या सुटीत पेटीसाठी समुद्राचं पाणी आणायला हरिदास पुन्हा तिकडे गेला. काठाचं पाणी गढूळ असतं म्हणून प्लास्टिकचा डबा घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरला. तिथल्या कोळ्यांनी त्याला उतरताना पाहिलं. परतताना कोणी पाहिलं नाही. तार आली. केसरचा दीर जाऊन आठ दिवस किनाऱ्यावर बसला आणि हरिदासच्या चपला घेऊन परतला.

‘सापडला नाही’ एवढेच शब्द केसरनं धरून ठेवले. घरात मेल्यामागचं पुण्यानुमोदन होऊ दिलं नाही, फोटोला हार घालू दिला नाही. मैनाला सांगितलं, बाबा कामाले गेले, येतीन. मैनानं पुढचं आपलं आपण ठरवून टाकलं. हात मिटला होता ना? तो उघडला की बाबा येणार.

आणि हात उघडत नव्हता. आधी फुलं कमी झाली, मग दिसेनाशी झाली. आता तो राखेच्या रंगाचा होऊन एका अंगाला कलला होता, आणि त्यावर दुधावर साय धरावी तशी एक बुळबुळीत कातडी धरली होती. हे मेलं तर मैनाला काय सांगायचं, ते केसरला सुचत नव्हतं. सुचत होतं खरं तर. तेच तिला नको होतं.

पेटीही आता पहिल्यासारखी राहिली नव्हती. काचेच्या कडेनं मीठ चढायचं, लोखंडी घोडीच्या पायांवरून पांढऱ्या रेघेनं खाली उतरायचं, फरशीवर यायचं. केसर फडक्यानं पुसायची. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा तिथेच, बोटभर आणखी दाराकडे सरकलेली.

“हे दारापर्यंत जाऊन राह्यलं बाई,” बायनाबाई संध्याकाळी पाय धुताना म्हणाली. “ज्या पान्यानं माह्या पोराले नेलं, ते पानी मी घरात पाहू का रोज उठून?”

“मामी,” केसर सासूला म्हणाली, “मैनाचा जीव हाये त्याच्यात.”

“मैनाचा का तुहा?”

केसर चुलीकडे वळली. चुलीत घालायला तिच्या हातात लाकूड होतं. ते कितीतरी वेळ हातातच राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खुशाल आला. हरिदासच्याच कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवायचा. सायकलच्या कॅरिअरला दोरीनं बांधलेला एक काळा प्लास्टिकचा डबा होता. त्यानं तो ओट्यावर ठेवला, पण आत आणला नाही.

“वहिनी, टेशनवरून बोलावनं आलं होतं. पार्सल पडून होतं म्हन्ते. मद्रासवरून बल्लारशाले, तिथून इकडे.” तो थांबला. “पत्ता पाह्यजा.”

डब्यावर पुठ्ठा बांधला होता. अक्षर हरिदासचं. नागभीड जंक्शनमधला ‘जं’ तो नेहमी काढायचा तसा, वरचं टिंब आकड्यासारखं ओढलेलं. खालचा गोल शिक्का पाण्यानं फुटला होता. तारखेच्या जागी जांभळा डाग.

“कोनं पाठवला?” केसरनं विचारलं.

“त्यानंच बुक केला असंल. आधीच्या दिवशी, नाईतर...” खुशालनं वाक्य तसंच सोडलं. “दोन डबे नेले होते त्यानं. हा एक.”

बायनाबाईनं डब्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मैना मात्र डब्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसली, कान लावून. “आतमध्ये आवाज येते,” ती म्हणाली.

खुशाल आत आला. त्यानं काचेची नळी पेटीत तरंगवून खारेपणा पाहिला, हाताच्या कडेवर तापमान जोखलं, वाकून त्या कातडीकडे बराच वेळ पाहिलं. “मीठ बरोबर हाये. मंग काऊन बिघडलं? आटलेलं पानी कशानं भरता?”

“पहिले हे पावसाचं टाकत. ती बरनी दिवाळीलेच सरली. आता घरातलं सगळ्यात चांगलं टाकते.”

“म्हंजे कोनतं?”

केसरनं हात केला. खुशालनं वळून गुंडाकडे पाहिलं. सकाळीच चिंचेनं घासलेला, उन्हाच्या तिरपेत झळकणारा. त्यानं हातातली काचेची नळी खाली ठेवली.

“वहिनी,” तो अगदी हळू म्हणाला, “तांबं मानसाले चांगलं. ह्या जिवाले थेंबभर बी पुरे होते.”

केसरला एकदम आठवलं. पेटीत हात घालायच्या आधी हरिदास बोटातली तांब्याची अंगठी काढून कोनाड्यात ठेवायचा. ती हसायची त्याला, पडंल म्हणून भेता का? तोही हसायचा. त्यानं कधी सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. पेटीचं काम त्याचं होतं. रोज त्याच्या नावानं भरलेला पेला, त्याच्याच हातानं आणलेल्या जिवावर, दीड महिना.

मैना ओट्यावरच होती. तिनं ऐकलं नव्हतं. केसरनं खुशालकडे पाहिलं आणि मान हलवली, पोरीले नाई सांगायचं. त्यानंही हलवली.

“आता?”

“निम्मं पानी काढून फेका. तेवढंच नवीन टाका. मंग ती कातडी हळूच फुंकून काढा, ओरबाडू नका. आटलेल्या जागी कॉलेजातलं शुद्ध पानी देतो मी.”

“नवीन कुठून आनू?”

खुशाल ओट्याकडे पाहत राहिला.

“ते नाई,” केसर म्हणाली.

“दुसरं नाई ना वहिनी इथी. समुद्र काय बाजूच्या आरमोरीले हाये?”

डबा खिडकीखाली आला, पण झाकण तसंच राहिलं. गाडी गेली की त्यातलं पाणी हिंदकळायचं. ते केसरला समजायचं, रूळ जवळच होते. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाडी नसताना, वारा नसताना, डब्यात एकदा पाणी हललं. कुशीवर वळावं तसं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची जळाली तरी तिला उठून बघायचा धीर झाला नाही. त्या पाण्यात काय असेल याचा विचार ती करत नव्हती, आणि दुसरं काहीही डोक्यात येत नव्हतं. त्याच्या घामाचं मीठ असेल. त्याची हाक असेल, तोंड पाण्याखाली गेल्यावरची.

त्या दुपारी मैनानं ताट सारलं. “हात जेवत नाई त मी बी नाई.” बायनाबाईनं लाडीगोडी लावली, गूळ दाखवला, धाक घातला. पोर हलली नाही. संध्याकाळीही तेच. सकाळी केसरनं पेटीत डोकावलं तर पोवळ्याचं बूड दगडापासून एका बाजूनं सुटलं होतं.

तिनं प्लास्टिकच्या मगानं पाणी काढायला घेतलं. बादली भरली, मोरीत ओतली, पुन्हा भरली. मग डब्यापाशी आली आणि तिचे हात झाकणावर जाईनात.

“सरक,” मागून बायनाबाई म्हणाली. “तुह्यानं उचलनं होनार नाई.”

म्हातारीनं झाकण फिरवलं. एक वास आला, ओला, रुंद, या घरात कधी न आलेला; पेटीला इतक्या दिवसांत असा वास आला नव्हता. बायनाबाईनं बांगड्या मागे सारल्या आणि डब्याच्या तोंडातून हात आत घातला, कोपरापर्यंत. आत तो फिरवला, सावकाश, तळापर्यंत, कडेकडेनं. अंधाऱ्या कणगीत काही चाचपावं तसा. केसरला तिचा चेहरा दिसत नव्हता. मग हात बाहेर आला. म्हातारीनं तो पुसला नाही.

“थंडं हाये,” ती एवढंच म्हणाली. “धर खालून.”

दोघींनी मिळून डबा पेटीत रिकामा केला.

गुंड त्याच दिवशी पालथा होऊन भिंतीशी गेला. पुढचे आठ दिवस केसर सकाळ-दुपार शाई भरायच्या रबरी नळीनं पोवळ्यावर पाण्याची हळू फुंकर घालायची, बाळाच्या डोळ्यांतली चिपडं काढावीत तशी. सुटलेल्या बुडाला तिनं पांढऱ्या दोऱ्याचा सैल वेढा दिला. थंडी वाढली तसा पेटीजवळ एक दिवा लावून ठेवला. लाईट गेली की मगानं पाणी उचलून वरून सोडायची, शंभरदा, दोनशेदा. तिचा हात भरून आला की बायनाबाई तो मग हातातून घ्यायची. मैना घास घ्यायला लागली होती, हाताकडे तोंड करून. सहाव्या दिवशी ती कातडी सापाच्या कातेसारखी एका बाजूनं सुटली आणि सगळी एकसंध पाण्यात तरंगत वर आली, रिकामी मूठ जशी. बायनाबाईनं ती पाहिली आणि हात जोडले. कोणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

नवव्या दिवशी सकाळी पुन्हा लाईट गेली. मोटरची गुणगुण तुटली. केसर मग घेऊन पेटीशी आली आणि तिथेच उभी राहिली.

हात उघडला होता. फुलं अजून विरळ होती, फिकट, पण होती. पाणी अगदी निवांत होतं, बुडबुडा नाही, लाट नाही. तरी ती सगळी फुलं एकाच अंगाला झुकली होती, दाराकडे, तिथं कोणी उभं असावं तशी. केसरनं मान वळवून पाहिलं. दारात ऊन होतं, आणि पुसूनही आलेली ती मिठाची रेघ उंबऱ्याला लागली होती.

मैना झोपेतून उठून आली. तिनं पाहिलं. ती नाचली नाही, ओरडली नाही. आधीच ठाऊक असलेली गोष्ट झाल्यासारखी धावत दारात गेली आणि रस्ता बघू लागली. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. दूध घेऊन जाणारा बिरजू गेला. शाळेतली पोरं गेली. मैना उंबऱ्यावर बसली, पाय जवळ घेऊन, टक लावून.

केसरनं तिला अर्धा तास बसू दिलं. त्यापुढे तिला बघवेना. स्वयंपाकघराच्या दारात बायनाबाई उभी होती. ती केसरकडे बघत होती.

केसर लेकीच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. तिला मांडीवर घेतलं. फ्रॉकचं तुटलेलं बटण चाचपत राहिली.

“मैना, बाबा नाई येनार.”

“हात त उघडला.”

“हाताले आपन बरं केलं. पान्यानं झालं ते. बाबा समुद्रात बुडले, बाई. दिवाळीतच. मी तुले खोटं सांगत होती.”

मैना रडली नाही. बराच वेळ तिनं आईच्या बांगडीत बोट अडकवून ती गोल गोल फिरवली. मग मांडीवरून उतरली, पेटीपाशी गेली, स्टुलावर चढली आणि काचेला गाल लावून पाण्याकडे पाहत राहिली. फुलांकडे नव्हे; नुसत्या पाण्याकडे.

“आई,” ती तोंड न वळवता म्हणाली, “बाबानं पाठवलेलं हे पानी, ते बुडायच्या आधीचं हाये का नंतरचं?”