ऐंशीच्या काट्यावर

ती कवळ्या बनवायची. दवाखान्यामागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर तिची कामाची खोली होती. खिडकीपाशी बसून मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवायचा, बारीक पात्यानं कोरायचा, मग डोळे अर्धे मिटून लांबून बघायचा. एखाद्या म्हाताऱ्याचा पुढचा दात ती मुद्दाम केसभर तिरका ठेवी. "सगळे सरळ बसवले तर नातवंडं ओळखायची नाहीत त्याला," असं तिचं म्हणणं. बोलायला ती जरा घुमी होती. तिचं सारं बोलणं हातांत होतं.

रविवारी ती वडिलांना भेटायला जाई. अप्पा धाकट्या भावाकडे राहत, तळ्यापलीकडच्या गावात. तिची गाडी चिमुकली आणि इतकी हलकी, की शेजारून ट्रक गेला तर अंग चोरून घ्यायची. नवरा तिला 'कागदी होडी' म्हणे. तळ्याकाठचा रस्ता सुरीसारखा सरळ. दोन्ही बाजूंना उंच झाडं, पानांतून उन्हाचे कवडसे काचेवर पडत आणि निसटत. त्या रस्त्यावर तिला नेहमी वाटे, आपण गाडी चालवतच नाही. कुणीतरी रस्ताच खालून अलगद ओढून घेतंय.

नवे टायर घातल्यानंतरच्या रविवारी ती अशीच तंद्रीत चालली होती. काटा ऐंशीवर आला आणि तिच्या तळहातांत काहीतरी जागं झालं. मुठीत पाखरू धरावं तशी थरथर. मनगटातून कोपरापर्यंत चढली. तिनं पाय सैल सोडला, पाखरू निजलं. पुन्हा वेग घेतला, पुन्हा तेच. पोचल्यावरही बोटांत मुंग्या रेंगाळत होत्या.

अप्पा अंगणात खुर्चीवर बसले होते. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि अंगठा बोटावर फिरत होता, फिरत होता, जणू न दिसणारी गोळी वळत असावेत. कंपवात होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. तिनं कधी त्या हाताकडे नीट पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं, आणि आपले हात स्वेटरच्या खिशांत घातले.

"गाडीत काहीतरी बिघाड आहे," घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली. तो बिचारा लगेच किल्ली घेऊन निघाला, बाजारातून चक्कर मारून आला.

"लोण्यासारखी चालतेय गं. उगाच संशय घेतेस."

नवरा गाडी अशी चालवी, की सायकलवाले त्याला मागे टाकून वर हात दाखवत. पण हे तेव्हा तिला सुचलं नाही. गाडी लोण्यासारखी आहे, म्हणजे थरथर माझ्यात आहे, एवढंच तिला कळलं.

मन चिंती ते वैरी न चिंती. सकाळी चहाचा कप उचलताना ती बशीवरचा आवाज ऐकू लागली. खोलीत पातं हातात घेतलं, की आधी ते उजेडात धरून बघे, टोक हलतंय का. इतकं रोखून बघितल्यावर कुठलं टोक हलणार नाही? पुढच्या दातांचं नाजूक काम तिनं शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडे सरकवलं. "डोळे दुखतात," म्हणाली. रात्री स्वप्नात तिनं केलेल्या कवळ्या सगळ्या मिळून हलकेच वाजत, पाऊस कौलांवर वाजावा तशा. आणि रविवारी ती भावाला फोन करी. "काम डोक्यावर आहे रे. पुढच्या आठवड्यात येते." असे कितीतरी पुढचे आठवडे गेले. गाडीवर धूळ बसली.

मग नणंद राहायला आली. ती बस चालवायची. घरात सगळे तिला चिमणी म्हणत. नाव चिमणी, पण आवाज असा की कावळे उडावेत.

"वहिनी, ही गाडी आहे की लोणच्याची बरणी? हात लावत नाहीस, नुसती जपून ठेवलीयस. चल, तळ्यावर जाऊ. तुझी होडी आज मी वल्हवते."

वहिनी शेजारच्या सीटवर बसली, हात मांडीखाली घालून. झाडं सुरू झाली. कवडसे काचेवरून वाहू लागले. चिमणी कुणा प्रवाशाची गंमत सांगत होती, ती मधेच थांबली.

"अगं बाई! याला काय हुडहुडी भरलीय?"

वहिनी समोर बघत हळूच म्हणाली, "तुझ्याही... हातांना होतंय?"

"माझ्या हातांना कशाला होतंय? स्टिअरिंगला होतंय! धरून बघ."

तिनं एक हात स्टिअरिंगवर ठेवला. तेच पाखरू. मग तो हात उचलून डोळ्यांसमोर धरला. हात स्थिर होता. चिमणीनं गाडी कडेला घेतली, कारण वहिनी हसत होती की रडत होती ते तिला कळेना, आणि वहिनीलाही कळत नव्हतं. हळूहळू सगळं बाहेर आलं: अप्पांचा हात, कप, पातं, चुकवलेले रविवार.

"आणि हे तू एकटी गिळून बसलीस?" चिमणी म्हणाली. "दाताची बाई, आणि तोंड उघडायचं माहीत नाही!"

टायरवाल्याकडे दुपारची गर्दी होती. त्यानं पुढची दोन्ही चाकं काढली, एकेक मशीनवर चढवून फिरवलं, चाकाचा तोल साधायला रिमच्या कडेला वजनाचे छोटे तुकडे ठोकले. "झालं," म्हणाला. पुन्हा तळ्याचा रस्ता, पुन्हा ऐंशी. थरथर अर्ध्यावर आली होती. पण होती.

तिचा चेहरा उतरला. "अर्धं गाडीचं असेल. उरलेलं माझं."

"उरलेलंबिरलेलं काही नाही," चिमणी म्हणाली. "वळवते मी."

टायरवाला आधी कुरकुरला. चिमणीनं कमरेवर हात ठेवले. मग त्यानं चाक काढून आतली बाजू उजेडाकडे केली आणि डोकं खाजवलं. रिमच्या आत वाळलेल्या चिखलाची पोळी चिकटली होती. जुनी वजनं तशीच होती, त्यांच्याच जोडीला नवी बसली होती. चाक जिथं बसतं त्या जागी गंज.

"घाई झाली खरी," तो म्हणाला. "जड गाडी असलं सगळं पोटात घालते हो. ही फुलासारखी. हिला चिमूटभर इकडंतिकडं झालं तरी सोसत नाही."

त्यानं सगळी वजनं उपटून काढली. तारेच्या ब्रशनं गंज घासला, चिखल खरवडला. खपल्या जमिनीवर पडल्या. चाक मशीनवर पुन्हा चढवलं, या वेळी नीट मधोमध, हातानं फिरवून खात्री करत. मशीन घुमू लागलं. ती जवळ जाऊन उभी राहिली. चाकाच्या आऱ्या धूसर झाल्या, मग आऱ्याच उरल्या नाहीत. राखाडी पाण्याची एक गोल चकती तेवढी हवेत उभी होती. तिला आतून फार शांत वाटलं, अंगाई ऐकताना डोळे जड व्हावेत तसं. चाक थांबलं. त्यानं एक तुकडा ठोकला, पुन्हा फिरवलं. मशीनच्या पडद्यावर आत-बाहेर दोन्हीकडे शून्य. दुसरं चाकही तसंच केलं.

"आता तू चालव," चिमणी म्हणाली आणि किल्ली तिच्या हातात देऊन बसथांब्याकडे निघाली. "मी आले तर बडबडेन. जा."

ऊन कलतं होतं. तळ्यावर जरीचा पट्टा पडला होता. साठ. सत्तर. तिनं श्वास धरला. काटा ऐंशीवर आला, आणि काहीच झालं नाही. स्टिअरिंग तिच्या हातांत झोपल्या बाळासारखं होतं. झाडं एकामागून एक मागे विरघळत गेली, रस्ता खालून वाहत राहिला, आणि कधी गाव आलं ते तिला समजलंच नाही.

अप्पा खाटेवर बसले होते. गालांवर पांढरे खुंट वाढले होते.

"ये," ते म्हणाले. "मला वाटलं, रागावलीस."

"नाही हो अप्पा." ती शेजारी बसली. "घाबरले होते." आणि तिनं सांगितलं. सगळं, हातांसकट.

अप्पा म्हणाले, "म्हणजे मला बघून भ्यायलीस."

"हो."

"मीही भितो कधीकधी," ते म्हणाले आणि गालावरून हात फिरवला. "तुझ्या भावाचा हात घाबरट. दाढी करतो म्हणजे रक्त काढतो. म्हणून ठेवलीय अशी."

तिनं भावजयीकडून कोमट पाणी, साबण आणि वस्तरा मागून घेतला. टॉवेल त्यांच्या गळ्याभोवती खोचला. डाव्या हातानं हनुवटी अलगद धरली. हनुवटीही बारीक थरथरत होती, आणि तिनं तिला थांबवण्याचा प्रयत्न केला नाही. वस्तरा ती त्या थरथरीच्या चालीनंच फिरवत गेली, कानापासून खाली, मग गळ्याच्या वळणावरून वर. अप्पांनी डोळे मिटले.

"मिशी राहू दे," ते झोपेतल्यासारखे म्हणाले.

"राहू देते," ती म्हणाली, आणि ओठावरचा फेस बोटानं पुसला.