चार बोटं आखूड

मी बाहीच्या आतली युक्ती बोलतेय. दुसरं नाव मला नाही. शिंप्यांना विचाराल तर म्हणतील, अशी वस्तू आमच्या धंद्यात नसतेच. पण जिनं मला शिवलं, ती शेवटचा टाका घालून हसली आणि म्हणाली, "झाली बघ युक्ती." तेव्हापासून मी युक्ती.

दिसते कशी, ते सांगते. निळ्या शर्टाची बाही उलटी करा. कोपराच्या वर आतून दोन पट्ट्या लोंबतात, बोटभर रुंद, प्रत्येकीच्या टोकाला एक काज. कोपराच्या खाली दोन बटणं. पट्ट्या मुद्दाम तोकड्या ठेवलेल्या. बटण वर ओढून काजात घातलं की मधलं कापड दुमडतं आणि बाही चार बोटं आखूड होते. काढलं की पुन्हा लांब. दुसऱ्या बाहीतही तसंच. म्हणजे मी दोन बाह्यांत वाटलेली आहे, तरी जीव एकच. जुळ्यांचं नाही का, एकाला खोकला झाला की दुसऱ्याच्या छातीत घरघर.

माझं जग म्हणजे एक निळा बोगदा. त्यातून रोज एक हात यायचा आणि सगळा बोगदा उबदार व्हायचा. बाहेरचं मला धड दिसत नाही. विणीतून उजेड झिरपतो तेवढाच, तळ्याच्या तळाशी बसून वरचं ऊन बघावं तसा. ऐकू मात्र सगळं येतं, आणि न दिसलेलं मी मागाहून कानावर पडलेल्या बोलण्यातून जुळवते. आणि मी ज्यांच्या हातावर होते ते दोघं लिफ्ट चालवायचे, त्यामुळे दिवसभर वर जाणं आणि खाली येणं. वर जाताना जीव हलका व्हायचा, खाली येताना डोळे मिटायचे. झोप आणि जाग यांत फरक राहायचा नाही.

दोघं सख्खे भाऊ. सात मजल्यांची कचेऱ्यांची इमारत होती. जाळीचं सरकतं दार आणि पितळी दांडा असलेली जुनी लिफ्ट. सकाळपासून दुपारी दोनपर्यंत धाकटा, दोनपासून संध्याकाळपर्यंत थोरला. शर्ट मात्र एकच. व्यवस्थापकसाहेबांचं म्हणणं, कपडा माणसाला नसतो, जागेला असतो. शिंप्याकडे माप द्यायला धाकटा गेला, कारण थोरल्याला बगलेत टेप लावली की गुदगुल्या व्हायच्या. तिथंच घोळ झाला. धाकटा ताडमाड, हात गुडघ्याला टेकतील असे. थोरला बुटका. इमारतीतले लोक त्यांना गज आणि वीत म्हणायचे. थोरल्यानं शर्ट घातला की बोटंसुद्धा दिसायची नाहीत. "हात घरी ठेवून आलात काय?" असं लोक विचारायचे.

बाही बाहेरून दुमडली तर साहेबांना चालायचं नाही. एकदा ती लोंबती बाही जाळीच्या दारात अडकली आणि लिफ्ट सुटली. देवाची कृपा, कापडच गेलं, हात वाचला. साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर दोघांनाही घरी बसवीन.

म्हणून त्यांच्या आईनं मला केलं. अंथरुणाच्या चादरीचा काठ फाडून पट्ट्या, जुन्या झग्याची बटणं. आणि मला शिवता शिवता तिनं एक नियम घालून दिला. शर्ट काढेल त्यानं दुसऱ्याच्या मापाची बाही करून ठेवायची. घालणाऱ्यानं चाचपडत बसायचं नाही.

थोरल्याचं काम सोपं, संध्याकाळी घरी जाताना चार बटणं सोडायची. धाकट्याला दुपारी ती लावावी लागायची. तो कुरकुरायचा, "सोडायला काय, माकडसुद्धा सोडेल. लावायला अक्कल लागते." थोरला म्हणायचा, "म्हणूनच तुला इतका वेळ लागतो."

ही बोलणी दोन वाजता, जिन्याखालच्या खोलीत व्हायची. एकाच्या अंगावरून निघालेली मी दुसऱ्याच्या अंगावर जायचे ती गरम गरमच. त्या पाच मिनिटांत घरातलं सगळं बोलून व्हायचं. आई जेवली का, छप्पर कुठं गळतंय, वहिनी कशावरून फुगलीय. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. धाकट्यानं लग्न केलं नव्हतं. म्हणायचा, माझ्या मापाची चादर मिळत नाही, बायको कुठली मिळणार.

मग आई आजारी पडली. धाकटा तीन रात्री तिच्या उशाशी बसला. चौथ्या रात्री थोरल्यानं त्याला बळंच पलीकडच्या खोलीत झोपायला पाठवलं. पहाटे आई गेली. थोरला एकटाच जवळ होता. धाकट्याला उठवायला तो दारापर्यंत गेला होता म्हणे, पण तो असा गाढ झोपलेला, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायचा तसा. थोरल्याला दया आली. त्याला वाटलं, अजून तासभर तरी हे पोर सुखात राहू दे.

धाकट्याला ते कधीच पटलं नाही. दिवसकार्य उरकलं तशी दुपारी जिन्याखालच्या खोलीत त्यानं शर्ट काढला, बटणं लावली आणि एवढंच बोलला, "मला उठवायचं होतंस."

त्यानंतर अबोला. धाकट्यानं दुसरीकडे खोली घेतली. दोनला पाच मिनिटं कमी असतानाच तो शर्ट खुंटीला टांगून मागच्या दारानं निघून जाऊ लागला. थोरलाही काही कमी नव्हता, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही असा. वहिनीनं समजावलं, शेजाऱ्यांनी समजावलं. दोघांनी मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

पण बाया-बापड्यांनो, ऐका. एवढं होऊनही खुंटीवरची बाही एक दिवस चुकली नाही. दुपारी आखूड, सकाळी लांब. भांडण भांडणाच्या जागी आणि आईचा शब्द त्याच्या जागी. एकदा माझं एक बटण फुटलं, तर थोरल्यानं दुसरं शिवून लावलं, वेड्यावाकड्या टाक्यांनी. सकाळी धाकट्याचा अंगठा त्या नव्या बटणावर बराच वेळ फिरत राहिला. बोलणार कुणाशी? खोलीत फक्त मी.

अशी सव्वा वर्षभर मी त्या दोघांच्या मधे राहिले. खुंटीवर लोंबताना मला वाटायचं, मी म्हणजे एक पूल आहे. त्यावरून रोज दोघं जातात, पण वेगवेगळ्या वेळी.

त्या दिवशी धाकट्यानं मला काढलं, तेव्हाच मला उमगलं की काहीतरी बिघडलंय. त्याचा उजवा हात बाहीतून निघाला तो ओल्या फडक्यासारखा. नेहमीसारखी त्यानं बाही उलटी केली, मांडीवर घेतली. डाव्या हातानं पट्टी धरली. उजव्या हाताची बोटं बटणापाशी आली, पण अंगठा जवळ येईना. पुन्हा पुन्हा त्यानं प्रयत्न केला. मग डोकं खाली वाकवलं, पट्टी दातांत धरली आणि डाव्या हातानं बटण ओढू लागला. त्याचा श्वास माझ्यावर आदळत होता, गरम आणि तुटक. एक बटण लागलं. दुसरं निसटलं, पुन्हा निसटलं, दोऱ्यावर लोंबायला लागलं. लाळेनं पट्टी भिजली.

तेवढ्यात बोळातून थोरल्याच्या चपलांचा आवाज आला.

धाकटा उठला. मला तशीच खुंटीला अडकवलं आणि भिंतीला धरत मागच्या दारानं गेला. दोन श्वास थांबला असता तर दोघं समोरासमोर आले असते. पण अबोल्याला मागच्या दाराची सवय असते. मी ओरडले असते हो, पण चार बटणांना तोंड कुठलं.

थोरल्यानं शर्ट अंगात चढवला. उजवी बाही बोटांवर लोंबली, डावी एका अंगाला तिरपी चढली. त्यानं दोन्ही बाह्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग स्वतःशीच म्हणाला, "बरं. इथवर आलं तर."

त्याला वाटलं, धाकट्यानं मुद्दाम केलं. दुसरं काय वाटणार? मी त्याच्या दंडाला चिकटून होते, त्याचा राग मला नाडीत लागत होता. आणि खरं जे काय ते माझ्या अंगावर ओलं होतं.

लिफ्टची घंटा वाजत होती, म्हणून बाही उलटी करून न बघताच, बाह्या बाहेरून गुंडाळून तो लिफ्टमध्ये उभा राहिला. चौथ्या मजल्यावर एक टायपिस्ट बाई होत्या, बोटांपेक्षा जीभ जलद. त्या जेवणाचा डबा खाऊन वर निघाल्या होत्या. बाह्यांवर नजर पडताच त्यांनी विचारलं, आज हा काय अवतार. थोरल्यानं सव्वा वर्षाचं सगळं त्यांच्या पुढ्यात ओतलं. धाकटा असा, धाकटा तसा, माझ्याशी बोलत नाही ते नाही, आज आईचा शब्दही मोडला. बोलता बोलता तिसऱ्या मजल्यावर दार ओढायला हात पुढे केला, गुंडाळी सुटली आणि कफ जाळीत गेला. बाईंनी त्याचं कोपर धरून मागे खेचलं. कफाचं टोक टरकलं.

"खाली घ्या आधी," बाई म्हणाल्या. "आणि तो शर्ट काढा. मी लावून देते बटणं. भिंतीकडे तोंड करते, लाजू नका."

तळमजल्यावर थोरला बनियनवर उभा राहिला. वाट बघणारे दोघं-तिघं हसले. बाईंनी बाही उलटी केली, मला उजेडात धरलं आणि नाक मुरडलं. "शी, हे ओलं आहे. उंदरानं कुरतडलंय की काय?"

थोरल्यानं मला त्यांच्या हातातून घेतलं. अंगठ्यानं पट्टी सपाट केली. दातांचे वण एकाखाली एक उमटले होते.

"माणसाचे दात आहेत," तो म्हणाला.

"बटण दातानं कशाला लावायचं? हात आहेत की दोन."

बाई सहज बोलून गेल्या. थोरल्याचा अंगठा माझ्यावर थांबला. एक लागलेलं बटण, एक लोंबतं, दुसऱ्या बाहीला हातच लागलेला नाही. चेहरा मला दिसला नाही, पण त्याची बोटं गार झाली ती मला कळली.

"उजवा हात..." एवढंच तो बोलला. शर्ट अंगात कोंबत, दांडा तसाच सोडून, तो मागच्या दाराकडे पळाला. लोक ओरडत राहिले, अहो, लिफ्ट, लिफ्ट.

मागच्या रस्त्यावर बसथांबा होता. बाकावर एका टोकाला धाकटा बसला होता आणि उरलेला बाक रिकामा. लोक लांब उभे होते. दुपारचीच घेतलेली दिसते, असं एक जण म्हणत होता. धाकट्याचं तोंड एका बाजूला उतरलं होतं. डबा पायाशी पडला होता. थोरल्याला बघून त्यानं काही म्हटलं, पण शब्द जड, तोंडातच घोटाळणारे. "दा... बट... लाग... नाही."

"दिसलं रे मला," थोरला म्हणाला. "दिसलं. तू बोलू नकोस आता."

आणि त्यानं त्या गजभर माणसाला वीतभर अंगानं उचललं. कसं उचललं, ते त्याचं त्याला माहीत. मी मधे दाबली गेले होते, एका बाजूला एकाचं काळीज, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. थोरला त्याच शर्टावर रात्रभर खाटेजवळ बसला. सकाळी टायपिस्ट बाई भेटायला आल्या तर त्यानं धाकट्याला हलवून उठवलं. डॉक्टर आले, उठवलं. वहिनी पेज घेऊन आली, उठवलं. नर्स चिडली, झोपू द्या की त्यांना. थोरला म्हणाला, "नको बाई. हा मग सव्वा वर्ष बोलत नाही." धाकट्याच्या तोंडाची एकच बाजू हसली. पण हसली.

आता माझं काय, ते ऐका. इमारतीत नवी लिफ्ट आली, आपली आपण चालणारी. थोरल्याला खाली टेबलावर बसवलं आणि अर्ध्या बाह्यांचे शर्ट दिले. अर्ध्या बाहीत मला कोण विचारतो? धाकटा भावाच्या घरी परत आला. पाय सुधारला, जीभ सुधारली, नको तितकी सुधारली असं वहिनी म्हणते. उजवा हात तेवढा हट्ट करून बसलाय. डॉक्टरांनी सांगितलं, बोटांना बारीक काम द्या.

म्हणून रोज दुपारी, खिडकीतलं ऊन जमिनीवर पसरलं की, निळा शर्ट उलटा करून धाकट्याच्या मांडीवर ठेवतात. तो उजव्या हातानं माझी बटणं लावतो. थोरल्याला सुट्टी असली की तो समोर बसतो, मदत करत नाही, नुसता टोमणे मारतो. ऊन, त्या दोघांचं बोलणं, त्या बोटांचा हळूहळू होणारा स्पर्श, यांत मला गुंगी येते. आपण पुन्हा लिफ्टमध्ये आहोत असं वाटतं, वर चाललोय असं वाटतं.

पण अंग साथ देत नाही. पट्ट्या झिजून जाळीदार झाल्या. एका काजाचे टाके उसवलेत. कफ तर त्या दिवशीच फाटला. काल वहिनी कपाट आवरताना म्हणाली, हा शर्ट आता फरशी पुसायला घेते, किती दिवस सांभाळायचा. तिचं चुकत नाही. कापडाची अखेर फडक्यातच व्हायची, त्याचं मला दुःख नाही. ज्यांच्या हातांवर राहिले, त्यांच्या पायाखालची जमीन पुसायला मला लाज कसली?

फक्त एवढंच कुणी तरी तिला सांगा. तीन बटणं त्याला लावता येतात आता. चौथं काजाच्या तोंडाशी येतं आणि सुटतं. काल तर अर्धं आत गेलं होतं. वहिनी, तेवढं होऊ दे गं. मग घे कात्री.