गाडी आणि घोडा

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. दचकू नका, मला शेपूट नाही आणि मी गवतही खात नाही. पाय फाकून उभी राहणारी लाकडी शिडी असते ना, तिला कारागीर घोडा म्हणतात. एका सुताराने मला या वाचनालयासाठी घडवले. वरच्या फळीवरचे पुस्तक हवे असले, की माझ्यावाचून सगळ्यांनी हात टेकले म्हणून समजा.

एका सुट्टीत पंधरा वर्षांची एक मुलगी स्वतःहून, बिनपगारी मदतीला आली. पहिल्याच दिवशी ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मागच्या आवारातून घोडा आण गं."

ती रिकाम्या हाताने परतली. "बाई, घोडा सुटून गेला वाटतं. तिथे नुसती शिडी आहे."

बाई हसता हसता खुर्चीतच बसल्या. त्या दिवसापासून ती मला थोपटून, "चल राजा," म्हणून मगच वर चढायची. आजवर शेकडो पाय माझ्यावर पडले होते. हात पहिल्यांदाच फिरला.

मग गाडी आली. निळी, लोखंडी, चार चाकांची. परत आलेली पुस्तके घेऊन दालनभर मिरवायची. मुलगी सारा दिवस तिच्याच मागे. चाकांना तेल काय घाली, फडक्याने काय पुसे! माझा एक स्क्रू ढिला झाला होता. मी करकरत होतो, पण ऐकतो कोण?

एक दिवस बाई म्हणाल्या, "हा घोडा आता म्हातारा झाला. महिनाअखेर भंगारात देऊन टाकू."

मुलगी गाडी ढकलत होती. "बरं," म्हणाली. एवढेच.

मित्रांनो, वाळवी बाहेरून दिसत नाही. मत्सराचेही तसेच. मी देवाजवळ काय मागावे? माझा स्क्रू घट्ट कर, हे नाही. गाडीचे चाक निखळू दे, हे मागितले.

एका दुपारी तिला वरच्या फळीवरचे पुस्तक हवे होते. मला कोपऱ्यातून ओढून आणायचा कंटाळा केला आणि ती गाडीवरच चढली. चाकांना तेल घातलेले. गाडी सुळकन पुढे, मुलगी धाडकन खाली. 'बरी खोड मोडली,' असे माझ्या मनात आले. तेवढ्यात "आई गं" ऐकू आले, आणि माझा आनंद जागच्या जागी आटला.

आठ दिवस ती आली नाही. गाडी माझ्यासमोर मुकाट उभी होती. बिचारीचे काय चुकले? तिला चाके दिली, ती धावली. मला पाय दिले, मी उभा राहिलो. घडवणाऱ्याने दोघांनाही काम दिले होते; मी मात्र दुसऱ्याच्या ताटात पाहत बसलो.

नवव्या दिवशी ती लंगडत आली. हातात वडिलांचा पेचकस.

"बाई, चूक माझी होती. गाडी धावायला असते, उभं राहायला नाही. घोड्याला भंगारात देऊ नका ना."

"अगं, करकरतो तो."

"करकरत नव्हता, बाई. सांगत होता."

तिने स्क्रू आवळला, मला थोपटले, गाडी शेजारी ओढली आणि माझ्यावर चढून एकेक पुस्तक तिच्यात उतरवले.

बाई म्हणाल्या, "थाट आहे बाई एकीचा. पगार नाही, पण दिमतीला गाडीघोडा!"

गाडीचे नाव आधी आले, हे मला जरा टोचले. खोटे कशाला बोलू? पण एका शब्दात आम्हा दोघांना जागा मिळाली.

मित्रांनो, घरात एखादी वस्तू करकरू लागली, तर टाकण्याआधी तिचा स्क्रू पाहा. आणि मन करकरू लागले, तर दुसऱ्याची चाके मोजण्याआधी तिथलाही स्क्रू आवळा.