साक्षीदाराची सही

सकाळच्या ड्युटीला आल्या आल्या फाइल हातात पडली आणि दिवस कसा जाणार ते मला तिथेच कळलं. शैला मेस्त्री, मधुमेह, डाव्या पायाला गँगरीन, आजच ऑपरेशन. संमतीपत्रावर डॉक्टरांची सही होती, मुलाची होती, आणि खाली साक्षीदाराची जागा रिकामी. परळच्या आमच्या हॉस्पिटलात ती जागा सिस्टरसाठीच राखून ठेवलेली असते. पेशंटची सही मात्र कुठेच नव्हती.

मी शैलामावशींना तयार करायला गेले. बांगड्या काढून देताना त्या अगदी मजेत होत्या. पायाच्या बोटावरची घाण साफ केली की दोन दिवसांत घरी सोडतील ना, असं त्यांनी मला विचारलं. लालबागच्या चाळीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, पण कठड्याला धरून चढीन म्हणाल्या. मसाल्याच्या ऑर्डरी घेऊन ठेवल्या होत्या, मिरच्या वाळत घालायच्या होत्या. माझ्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं: गुडघ्याखालून पाय काढणे.

मी त्यांच्या मुलाला, वैभवला, बाहेर बोलावलं. तो म्हणाला, आईला सांगू नका, बीपी वाढेल, ती रडून गोंधळ घालेल. ऑपरेशन झालं की हळूहळू सांगू. मी विचारलं, काय सांगणार हळूहळू, शुद्धीवर आल्यावर त्यांना दिसणार नाही का? वाईट मुलगा नव्हता तो. घाबरलेला होता. पण घाबरलेल्या माणसांना आवरता आवरता या नोकरीत माझा निम्मा जीव जातो.

मग ऑपरेशन थिएटरमध्ये, ओटीत, फोन लावला. डॉक्टर हितेंद्र घाईत होते. म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच जरा समजावून सांगा आणि सही घेऊन टाका. तुम्हाला जमतं ते."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मागच्या महिन्यात याच पायाचा रंग बदलतोय, असं मी ओपीडीत म्हणाले होते, तेव्हा याच माणसाने पेशंटसमोर विचारलं होतं की डॉक्टर तुम्ही की मी. आणि आज पाय जाणार हे सांगायची वेळ आली, तर मी एकदम डॉक्टर. मी म्हटलं, सर, ऑपरेशन तुम्ही करणार, का आणि किती ते तुम्हीच सांगायला हवं. ते माझं काम नाही आणि मला त्याची परवानगीही नाही. फोन कट झाला.

आमच्या इनचार्ज विल्मा सिस्टर भायखळ्याच्या, रिटायरमेंटला आलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, अगं, सही करून टाक आणि मोकळी हो, मी जन्मभर करत आले, कोण येतंय बघायला? मी म्हटलं, सिस्टर, साक्षीदार म्हणजे ज्याने बघितलं तो. मी काय बघितलं? नवरीला पत्ता नाही आणि मी लग्नाच्या रजिस्टरवर सही ठोकू? उद्या मावशींनी तक्रार केली तर नर्सिंग काउन्सिल माझं रजिस्ट्रेशन काढून घेईल, सरांचं नाही. विल्मा सिस्टर गोळ्या मोजायला लागल्या. पण चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, ही संघमित्रा आज सगळ्यांना गोत्यात आणणार.

तेवढ्यात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. मावशी उठून बसायला लागल्या आणि माझा उतरलेला चेहरा बघून थांबल्या.

"चेडवा, तुझा तोंड असा कित्याक झाला?"

खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचा अधिकार नव्हता. असा संताप आला, की तो कुणावर काढायचा तेच कळेना. एवढंच म्हटलं, "मावशी, डॉक्टर स्वतः येऊन तुमच्याशी बोलतील. तोवर तुम्ही इथून हलायचं नाही." आणि स्ट्रेचर परत पाठवलं.

मग व्हायचं तेच झालं. ओटीतून फोनवर फोन. वैभव म्हणाला, आईला काही झालं तर जबाबदार तुम्ही. आणि ते मला लागलं, कारण खरंच काही झालं असतं तर? शेवटी डॉक्टर हितेंद्र हिरव्या टोपीसकट खाली आले, माझ्याकडे न बघता पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि इंग्रजीत सुरू झाले. मी त्यांच्यामागे स्टूल सरकवलं. ते बसले.

बसल्यावर मात्र त्यांनी नीट सांगितलं, अगदी साध्या मराठीत. रक्त पोचत नाही, खालचा भाग मेलाय, ठेवला तर विष वर चढेल. मावशींनी विचारलं, खयसून कापतलास? त्यांनी नडगीवर हात ठेवून दाखवलं. वैभव भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. मावशी त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"कापा," त्या म्हणाल्या. "पण डॉक्टरांनू, ता उद्या. आज माका रडूक द्या."

डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले, तापाचा कागद बघितला आणि म्हणाले, ताप नाहीये, अँटिबायोटिक चालू आहे, ठीक आहे, उद्या पहिली केस घेऊ. म्हणजे एक दिवस थांबता येत होतं! सकाळपासून माझ्या मागे सगळे असे लागले होते, की एक तास उशीर झाला तर जग बुडेल. मावशींना रडायला एक दिवस हवा होता, आणि तो सबंध दिवस तिथे पडून होता. कुणी विचारलंच नव्हतं.

ते गेल्यावर मावशींनी मुलाला बाहेर थांबायला सांगितलं. माझा हात धरून म्हणाल्या, तू बस. माझी औषधांची फेरी राहिली होती, पुढच्या बेडची बाई मघापासून बोलावत होती. विल्मा सिस्टरनी काही न बोलता माझी ट्रॉली ओढून नेली. मी पडदा लावला. मग मावशींनी दोन्ही हातांनी तो पाय जवळ घेतला आणि रडायला सुरुवात केली.