दार नसलेल्या घरातलं कुलूप

मी शनिशिंगणापुरातल्या एका घराच्या फळीवरून बोलतोय. लॅपटॉप आहे मी. हल्ली नुसता बसून असतो, अंगावर छबूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरून. पण एके काळी सोनईतल्या रक्त तपासायच्या लॅबचा सगळा भार माझ्यावर होता, उगाच मोडीत काढू नका मला.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. पहिला मालक पुण्याच्या कंपनीतला साहेब. त्याने मला विमानातून फिरवलं, मांडीवर घेतलं आणि माझ्यावर पत्ते खेळला. दुसरं कुठलं काम केल्याचं काही आठवत नाही. माझी बॅटरी मेली तशी त्याची मायाही आटली, आणि सत्त्याण्णव साली मी केडगावला आबासाहेबांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात येऊन पडलो.

तिथून मला विजयमालाने विकत घेतलं. सोनईच्या बाजारपेठेत तिची लॅब होती. साखर, कावीळ, टायफॉईड, सगळ्यांचं रक्त तिच्या हाताखालून जायचं.

"ताई, आधीच सांगतो, ह्याची बॅटरी गेलीय," आबासाहेब म्हणाले. "वायर काढली की हा गप्प. मागनं म्हणाल सांगितलं नाही."

"चालेल. वायर कोण काढतंय?" ती म्हणाली.

विजयमाला लॅब सोनईत चालवायची, पण राहायची शिंगणापुरात. दिवसभर रक्त काढायचं, तपासायचं आणि संध्याकाळी मला पिशवीत घालून घरी न्यायचं, रिपोर्ट टाईप करायला. तिचा नवरा राधाकृष्ण देवळाच्या वाटेवर तेल आणि रुईच्या माळा विकायचा. लाईटीचा भरवसा नाही म्हणून त्याने ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर माझ्यासाठी इन्व्हर्टर बसवून दिला. सासूबाई म्हणजे छबूबाई. त्या ओसरीवर बसून रुईची पानं ओवायच्या आणि मधूनमधून माझ्याकडे बघून नाक मुरडायच्या.

घराला चौकट होती, दार नव्हतं. त्या गावात कुणाच्याच घराला नसतं. कपाटाला कडी नाही, पेटीला कुलूप नाही. सगळं शनिदेवाच्या हवाली. येणारा बाहेरून हाक मारतो आणि आत येतो. साहेबाच्या फ्लॅटला तीन तीन कड्या होत्या, त्यामुळे पहिले काही दिवस कुणाचं पाऊल वाजलं की आता आपल्याला उचललंच, असं वाटायचं. मग माझं काही कुणी उचलून नेत नाही असं दिसलं आणि मीही निवांत झालो.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर भागिरथी आली.

भागिरथी सोनईच्या बालवाडीत मदतनीस होती. पोरांची खिचडी शिजवायची, त्यांची नाकं पुसायची. नवरा ट्रकवर होता, आजारी पडून गेला. डॉक्टरांनी हिलाही एचआयव्हीची तपासणी करून घ्यायला सांगितलं. रक्तात तो निघाला. विजयमालाने लॅबचं शटर अर्धं खाली ओढलं आणि तिला समोर बसवून हळूहळू सगळं सांगितलं.

भागिरथी रडली नाही. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "ताई, खिचडीतनं हे पोरांना व्हतंय का?"

"न्हाई गं. स्वयंपाकातनं न्हाई, शिवल्यानं न्हाई. डॉक्टरबी हेच सांगतील तुला."

"मला पटलं. गावाला कोन पटवनार? उद्या कळलं तर माझ्या हातचं खातील का पोरं? त्या पगारावर माझं घर चालतंय, ताई. माझ्या सायलीला कोन जवळ घेईल?"

"माझ्याकडनं कुणाला कळनार न्हाई," विजयमाला म्हणाली.

शब्द देणं सोपं असतं. पुढच्या तपासणीला जुना निकाल लागणार, म्हणून तो माझ्यात लिहून ठेवणं भाग होतं. आणि मी तर बिनदाराच्या घरात, पाटावर उघडा पडलेला. त्या रात्री विजयमाला माझ्याकडे बघत राहिली आणि दुसऱ्याच दिवशी मला घेऊन तिने केडगाव गाठलं.

"आबासाहेब, ह्याच्या आतल्या गोष्टीला कुलूप पाहिजे. पक्कं."

आबासाहेबांना हुरूप आला. त्यांनी तीन सॉफ्टवेअर काढली. पहिलं अगदी स्वस्त होतं. त्यांनी ते लावलं आणि दुसरी एक फ्लॉपी घालून चहा यायच्या आत स्वतःच फोडून दाखवलं. "हे पोरांपासून लपवायला ठीक आहे," ते हसत म्हणाले.

दुसरं सगळ्यात महाग. "हे घ्या, ताई. आतलं सगळं अगम्य करून टाकतं, पासवर्डचा शब्द घातल्याशिवाय एक अक्षर लागत नाही. आणि शब्द विसरलात तर कंपनीला फोन करायचा, ते उघडून देतात."

"म्हणजे चावी त्यांच्याकडंबी ऱ्हाती?"

"तुमच्याच सोयीसाठी."

"त्यांच्यात कुणाकुणाकडं?"

आबासाहेबांनी मान खाजवली. "ते काय मला माहीत नाही बुवा."

तिसऱ्याची फ्लॉपी त्यांनी जरा नाखुशीनेच पुढे सरकवली. त्याला दुसरी चावी नव्हतीच. शब्द विसरला की सगळं संपलं. कुलूप उघडं असताना एकदम वायर निघाली आणि आतली मांडणी बिघडली, तरीही संपलंच.

"शहाणा माणूस दुसरंच घेईल, ताई. निदान वेगळ्या फ्लॉपीवर एक नक्कल तरी ठेवा."

"माझ्या घराला दार न्हाई, आबासाहेब. नक्कल ठेवू कुठं?" ती म्हणाली. "तिसरं घाला."

"घालतो. पण एक ऐका. कुलूप काय आपोआप लागत नाही. उठताना दर वेळी बंद करून उठायचं. नाहीतर कुलूप असून नसल्यात जमा."

"व्हय, व्हय," विजयमाला म्हणाली. माझी तर छाती फुगली होती. आता आपण साधे राहिलो नाही, तिजोरी झालो! कोणता शब्द ठरला ते मात्र विचारू नका, मी सांगणार नाही.

घरी आल्यावर छबूबाईंनी ऐकलं आणि हातातली माळ खाली ठेवली.

"कुलूप? ह्या घरात? अगं, माझ्या सासूनं कधी डब्याला झाकन घट्ट लावलं न्हाई, आनि तू कुलूप आनलंस? साडेसाती वढवून घेती का काय?"

"आई, माझ्या सामानाला न्हाई वो. हे लोकांचं हाय. लोकांनी माझ्यापाशी ठेवलेलं."

"लोकांचंबी द्येवच राखतोय."

राधाकृष्ण गुपचूप जेवत राहिला. ह्या दोघींच्या मध्ये पडायची त्याची कधीच छाती झाली नाही. छबूबाई पुढचे कितीतरी दिवस माझ्या बाजूने जाताना लुगडं आवरून जायच्या, माझा विटाळ असल्यासारख्या. मला राग यायचा, पण करतो काय?

खरी गोची वेगळीच झाली. विजयमालाने कुलूप घेतलं, पण लावायची सवय कुठून आणणार? त्या गावात नांदलेल्या बाईला उठताना मागे काही बंद करायचं असतं, हे हाताला ठाऊकच नाही. शब्द घालून उघडायची, चार रिपोर्ट टाईप करायची, चुलीवर दूध उतू गेलं की तशीच पळायची. मी आपला सताड उघडा. "अगं बाई, बंद कर मला!" असं कितीदा ओरडावंसं वाटलं. पण मला पीप करण्यापलीकडे आवाज दिलाय कुणी?

अठ्ठ्याण्णव सालातली एक शनि अमावस्या. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. राधाकृष्ण दुकानात. विजयमाला घरी रिपोर्ट करत बसली होती, एवढ्यात रांगेत कुणी चक्कर येऊन पडल्याचा निरोप आला, आणि ती सुया-नळ्यांचा डबा घेऊन धावली. मी उघडाच. ओसरीवर छबूबाई माळा ओवत होत्या.

"मामी, वैनी हाय का?" म्हणत लंकाबाई आत आली. राधाकृष्णची ही आतेबहीण सोनईच्या बालवाडीची बाई होती. भागिरथी तिच्याच हाताखाली. वैनी नाही म्हटल्यावर ती पाणी प्यायली आणि इकडेतिकडे बघत माझ्यासमोर बसली.

तिला इंग्रजी अक्षरं लागायची. बाण खाली नेत ती एकेक नाव ओठांत वाचू लागली. मला अंग चोरायलाही येईना. आणखी सातआठ ओळी खाली गेली की भागिरथीचं नाव येणार होतं.

"काय बघती गं?" छबूबाईंनी विचारलं.

"काय न्हाई, मामी. त्या भागिरथीचं रगत तपासलंय म्हनत्यात. नवरा कशानं गेला ते समद्यांना म्हाईत हाय. तेवढं बघून घेते. पोरांच्या जिवाचा सवाल हाय."

"जिचं तिला इचार की."

"ती सांगनार हाय व्हय?"

"मग तिच्या मनात न्हाई सांगायचं," छबूबाई म्हणाल्या आणि उठल्या. गुडघ्यावर हात टेकत आत आल्या, इन्व्हर्टरपाशी वाकल्या आणि माझी वायर खसकन उपटली.

एरवी वायर काढली तरी मी आतून जागा असतो, पण अशी चालू असताना उपटल्यावर मला भोवळच आली. समोर अंधार व्हायच्या आत त्यांचा आवाज तेवढा माझ्या कानावर पडला. "दार न्हाई म्हनून आत येता येतंय, लंके. पर आत आलेल्यानं काय उचलायचं नसतंय. ह्या गावात इतकी वर्सं येतीस, आनि एवढं कळंना तुला?"

पुढचं मी विजयमालाच्या तोंडून ऐकलं. लंकाबाई पाय आपटत निघून गेली. विजयमालाने परत येऊन मला सुरू केलं, शब्द घातला. कुलूप उघडलं नाही. पुन्हा घातला. नाही. केडगावला आबासाहेब दोन तास माझ्याशी झटले आणि शेवटी त्यांनी हात टेकले. मांडणी बिघडली होती. विजयमालाने एवढ्या दिवसांत लिहिलेलं सगळं माझ्या पोटात होतं, आणि त्यातलं एक अक्षर मला स्वतःलाही लागत नव्हतं.

"महागाचं घेतलं असतंत तर एक फोन केला असता," आबासाहेब हळहळले.

तिने मला पिशवीत घातलं. एसटीत मात्र मला मांडीवर घेऊन मुसमुसली. नंतर महिनाभर लोकांना जुन्या चिठ्ठ्या घेऊन यायला सांगत होती आणि बोलणी खात होती. घरी आल्याआल्या तिने छबूबाईंना एवढंच सांगितलं, "आई, समदं गेलं."

"भागिरथीचंबी?"

"तिचंबी."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणून छबूबाईंनी मला तिच्या हातातून घेतलं, फळीवर ठेवलं आणि आपल्या लुगड्याचा तुकडा वर घातला. विजयमालाने लॅबसाठी दुसरा लॅपटॉप आणला, त्यालाही तसंच कुलूप घातलं. उठताना ते दर वेळी बंद करते म्हणे. एकदा विसरली तर छबूबाईच ओसरीवरून ओरडल्या, "अगं, तुझं कुलूप!"

परवा भागिरथी दर्शनाला आली होती, तशी घरीही आली. लंकाबाई अजून तिच्याकडे तिरकं बघते, पण हातात काही नाही म्हणून गप्प आहे. पोरं खिचडी खातात. तिने चहा घेतला आणि फळीकडे बोट केलं.

"ह्याच्यातच हाय व्हय माझं?"

"ह्याच्यातच," छबूबाई म्हणाल्या. "पर आता ते शनिद्येवाला ठावं, आनि तुला."

भागिरथीने कापडावरूनच माझ्यावर हात ठेवला. पहिल्या साहेबाने मला विमानातून नेलं, पण असा हात कधी ठेवला नव्हता. म्हणून तुम्हाला एकच विनवणी. पुढेमागे मी भंगारात निघालो, तर खुशाल तोडा मला, तारा काढा, पत्रा विका. उघडायला मात्र कुणी बसू नका.

"निघते, आजी. उद्या सकाळी खिचडी टाकायचीय," ती म्हणाली आणि बिनदाराच्या चौकटीतून बाहेर पडली.