नेहमीचं सोडून

सल्लागाराने नकाशा टेबलावर पसरला आणि त्याचे कोपरे वर उठू नयेत म्हणून एकीकडे पेपरवेट, दुसरीकडे स्टेपलर आणि उरलेल्या दोन बाजूंना स्वतःची कोपरं ठेवली. समोर बसलेल्या दातांच्या डॉक्टरांनी नकाशाकडे एक्स-रेकडे पाहावं तसं पाहिलं. कीड कुठे आहे ते आधीच कळल्यासारखं.

"हे झालं," एकेका लाल टिंबावर बोट ठेवत ते म्हणाले. "हे झालं. हे दोनदा झालं. आणि इथे हिचा गुडघा गेला."

"गुडघा गेला नाही, आहे," त्यांची बायको म्हणाली. "डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत उभं राहून आखडला. स्की करताना पडले असते तर निदान चार लोकांत सांगता तरी आलं असतं."

"थोडक्यात, यंदा नेहमीचं नको," डॉक्टर म्हणाले.

सल्लागाराने मान डोलावली. प्रवास कंपनीच्या कॅटलॉगमध्ये बर्फाच्या सहलींची सोळा पानं होती, आणि त्यातली शेवटची चार, 'नेहमीचं सोडून' या मथळ्याखालची, बावीस वर्षं तोच लिहीत आला होता. त्याने एखाद्या गावाला 'शांत' म्हटलं की तिसऱ्या हिवाळ्यात तिथे गाडी लावायला जागा मिळत नसे. मग ते गाव सुरुवातीच्या पानांवर सरकायचं आणि हा नवं शांत गाव हुडकायला बाहेर पडायचा. आपल्या शब्दांत ताकद आहे याचा त्याला अभिमान होता. शब्द म्हणजे, उदाहरणार्थ, 'घरगुती वातावरण', याचा अर्थ हीटर रात्री दहाला बंद.

"असं एखादं नाही का हो," डॉक्टरांच्या बायकोने विचारलं, "जिथे कोणी जातच नाही? खरंच कोणी नाही?"

हा प्रश्न त्याला दर हिवाळ्यात पन्नास जण विचारत, आणि त्याचं हसूही ठरलेलं होतं. आज ते वेळेवर आलं नाही. तो वाकला आणि त्याने खालचा खण उघडला.

खणात फोटोंचा गठ्ठा होता. प्रत्येक फोटोत तोच व्हरांड्याचा खांब, त्याला टेकवलेली सुताराची मोजपट्टी, आणि पट्टी धरलेला एक हात. त्याच्या ताईचा. पहिलं मोठं बर्फ पडलं की ती फोटो पाठवायची आणि मागे लिहायची, 'यंदा कमरेएवढं. माणसं पाठव.' तिच्या आणि भावजींच्या घरात सात खोल्या होत्या. मागच्या उताराला लिफ्ट नव्हती. ट्रॅक्टरच्या चाकावरून फिरणारी एक लांबलचक दोरी होती, ती धरायची आणि वर जायचं. दर वर्षी तो फोनवर सांगायचा, "बघतो ताई, पुढच्या कॅटलॉगला नक्की." यंदाचा फोटो अजून आला नव्हता. टपालाचं हल्ली काही खरं नसतं.

गाव गर्दीपासून वाचवतोय, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं, आणि ते अर्धं खरंही होतं. उरलेल्या अर्ध्यात व्हरांड्याच्या टोकाचं एकुलतं एक न्हाणीघर होतं, आणि पाहुण्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढून आपल्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनची गोष्ट सांगणारे भावजी होते. जगातल्या कुठल्याही न्हाणीघराबद्दल चार गोड ओळी लिहिणाऱ्या माणसाला ताईच्या घराबद्दल तेवढ्या कधी सुचल्या नाहीत.

"हे?" त्याने टेबलावर ठेवलेला वरचा फोटो बायकोने उचलला. "अय्या, किती छान! हा हात कोणाचा?"

"तिथल्या मालकीणबाईंचा," तो म्हणाला. "खोल्या आहेत का विचारून येतो."

फोन त्याने आतल्या खोलीत, झेरॉक्सच्या मशीनपाशी जाऊन लावला.

"ताई, मी."

"अगं बाई, बंडोबा! भरदुपारी फोन? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. माणसं पाठवतोय तुझ्याकडे. दोघं, आठ दिवस. दातांचे डॉक्टर आहेत, भावजींना म्हणावं फुकटात तपासून घ्या."

पलीकडे भांडी खणखणली. एका घरात असतात त्याहून बरीच जास्त.

"अरे," ताई म्हणाली, "घर दिलं की आम्ही. दोन महिने झाले."

"दिलं म्हणजे?"

"दिलं म्हणजे दिलं. वखारवाल्याला. लाकडं ठेवतो तो आता सातही खोल्यांत. तीन हिवाळे माणूस फिरकला नाही रे, वाट चुकलेला सोडला तर. आणि ह्यांना ट्रॅक्टरवर चढवत नाही."

"मला सांगायचं नाहीस?"

"तुला काय सांगायचं? तू म्हणाला असतास, बघतो." ती हसली, आणि त्या हसण्यात टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं.

आता कुठे आहात, असं त्याने विचारलं. तिने गावाचं नाव सांगितलं. कॅटलॉगच्या पहिल्या पानावरचं, अकरा लिफ्टवालं.

"हॉटेलवाल्यांनी राहायला खोली दिलीय. हे बर्फाचे बूट भाड्याने देतात त्या खिडकीवर बसतात. गिऱ्हाईक घाईत, त्यामुळे ऑपरेशन निम्म्यावरच राहतं, तेवढंच त्यांना दुःख. आणि सकाळचा नाश्ता माझ्याकडे. तीनशे माणसं, बंडोबा! सगळी तुझीच. परवा एकजण तुझा कॅटलॉग टेबलावर विसरून गेला. वाचला मी. शेवटची पानं. छान लिहितोस रे."

फोन ठेवल्यावर त्याने मशीनच्या गरम झाकणावर दोन्ही हात टेकले. कोणीतरी मागून "तुमचं झालं का?" म्हणालं, तेव्हा उचलले.

"मिळाल्या खोल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते बंद झालं."

"बघा! चांगलं काही टिकतच नाही."

"टिकणार कसं?" बायको म्हणाली. "कोणाला ठाऊकच नसेल बिचाऱ्यांचं."

सल्लागाराने कॅटलॉग जवळ ओढला, शेवटापासून उलटा चाळत पहिल्या पानापर्यंत आला आणि तो त्यांच्याकडे फिरवला.

"हे?" डॉक्टर खुर्चीत मागे झाले. "इथे तर आम्ही गेल्याच वर्षी होतो. आता काय नवीन आहे तिथे?"

"नाश्ता."

नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. बायकोला हसू आवरेना.

"इतका चांगला? तुम्ही खाल्लाय?"

"रोज," तो म्हणाला. "शाळेत जायच्या आधी."